मागून उचललेलं बॉनेट

माझं काम हवेचं होतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांसाठी मोठे पंखे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी वीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कुठल्या शेडमधली गरम हवा कुठून बाहेर काढायची, ताजी हवा कुठून आत घ्यायची, पंख्याची पाती किती वळवायची, हे कागदावर काढण्यात माझा दिवस जायचा. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात मला काही कळत नव्हतं, अशी सबब मी सांगू शकत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझ्या बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. पाय सुजायचे, जेवण जात नव्हतं, तिला वाटायचं पित्त आहे. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमच्या जवळपास तेव्हा ती सोय नव्हती. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात मंगळवार आणि शुक्रवारची पाळी मिळाली. स्टेशनचे जिने चढणं तिला शक्यच नव्हतं. आम्ही दोघंच, मूलबाळ नाही. म्हणून मी एक जुनी गाडी घेतली.

गाडी पांढरी, चौकोनी, लांब नाकाची. आधीच्या मालकाने तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. त्या काळात बरेच जण तसं करायचे. डिझेलचं इंजिन अंगाने मोठं, पुढच्या त्या जागेत ते कोंबून बसवलेलं. रेडिएटर मात्र जुनाच, पेट्रोलच्या इंजिनापुरता. बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा नसायची. गाडी घेताना मी हे पाहिलं होतं. पण ती लगेच मिळत होती, आणि पुढचा मंगळवार चार दिवसांवर होता.

माणिकपूरहून निघायचं, रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला, गोखिवऱ्यावरून वसई फाट्याला हायवेवर लागायचं. तिथून मालजीपाड्यापर्यंत गाडी बरी चालायची. पुढे खाडीच्या पुलाजवळ ट्रकांची रांग लागलेली असायची. त्या रांगेत दहा मिनिटं उभं राहिलं की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागायचा. मग बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण जरा सैल करायचं, वाफ जाऊ द्यायची, थांबायचं, आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी ओतायचं.

बायको पुढच्या सीटवर बसून हे बघायची. डॉक्टरांनी तिला दिवसाला तीन पेले पाणी ठरवून दिलेलं, तेवढंच. चहा, आमटी, ताक सगळं त्यातच धरायचं. उन्हाळ्यात तिच्या ओठांना भेगा पडायच्या. मी पाच लिटरचा कॅन रेडिएटरमध्ये रिकामा करायचो आणि पाणी आत जाताना जो आवाज व्हायचा तो ऐकत ती मान वळवून खाडीकडे बघत बसायची. एकदा मी म्हणालो, "तू जरा खाली उतर, झाडाखाली बस." ती म्हणाली, "बसते इथेच. तुम्ही गाडीला पाजा आधी." त्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

मे महिन्यात डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. एकदा आम्ही दीड तास उशिरा पोचलो आणि मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेलं होतं. दुसऱ्यांदा पुलाच्या अलीकडूनच परत फिरावं लागलं. त्या आठवड्यात तिचा चेहरा इतका सुजला की डोळे बारीक झाले. त्यानंतर मी या गाडीच्या मागे लागलो. रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा नवा टाकला. फरक थोडाच पडला. मग एका रविवारी बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिलो आणि मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे. रेडिएटरमधून हवा आत येते, पण आत इंजिनच एवढं आहे की तिला बाहेर पडायला वाट नाही. गरम हवा कोंडून राहते, मग पुढून येणारी हवाही अडते. वाट काढून द्यायला हवी.

माणिकपूरच्या नाक्यामागे एका डेंटरचं गॅरेज होतं. माणूस पाचूबंदरचा, कोळी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. भाऊ समुद्रावर जायचे, हा पत्र्याच्या कामात पडला. मी त्याला म्हणालो, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली जाड वॉशर घालून मागची कड इंचभर वर उचलायची. काचेच्या पायथ्याशी फट पडेल, तिथून गरम हवा निघून जाईल. पत्रा कापायला नको, काही नको.

त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "साहेब, मागून उचलू नका," तो म्हणाला. "ती हवा कुठं जाईल? काचेवर. काचेखाली ही जाळी हाय बघा, हितनं गाडीत हवा जाते. सगळं गरम आत घ्याल."

"वर जाईल ती. गरम हवा वरच जाते."

"आमच्या बोटीवर इंजिनाच्या पेटीचं झाकन नाखव्याच्या तोंडाकडं कोनी उघडत नाय," तो म्हणाला. "वहिनी आजारी. त्यांना तरास व्हईल."

मी हसलो. त्याला म्हणालो, वीस वर्षं हवेचंच काम करतोय मी. वॉशर त्याने बसवले, पण बोल्ट आवळताना माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिल्याच फेरीला पुलाच्या रांगेत काटा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मी स्टिअरिंगवर थाप मारली. काचेपुढे फटीतून निघणारी हवा थरथरताना दिसत होती आणि तिच्यातून समोरचे ट्रक वाकडे दिसत होते. मी बायकोला ते दाखवलं. ती म्हणाली, "छान झालं." हायवेवर मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काटा पूर्वीपेक्षा जरा वर राहतोय, हे माझ्या लक्षात आलं होतं. वेगात गाडी थंड राहायला हवी, ही उलटी तापत होती. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. माझी भीती त्या रांगेची होती आणि रांगेत गाडी वाचत होती.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, आम्ही डायलिसिस करून परत येत होतो. त्या चार तासांनंतर तिच्यात काही उरायचं नाही, रक्तदाब खाली असायचा. काजूपाड्याच्या पुढे गाड्या तुंबल्या होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. शेजारच्या ट्रकचा धूर येत होता म्हणून मीच तिला काच वर करायला सांगितली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, डिझेलचा वास येतोय."

"ट्रकचा असेल."

"काच बंद आहे."

"मग येईल थोडा. काटा बघ तू. निम्म्यावर आहे."

आणखी काही वेळाने ती म्हणाली, "मला गरम होतंय हो, पायावर गरम येतंय." मी म्हणालो की पाच मिनिटांत पूल येईल. माझी नजर काट्यावर होती. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी माझी नजर काट्यावरच असते. तिच्याकडे मी पाहिलं ते तिचं डोकं खिडकीवर आपटल्याचा आवाज झाला तेव्हा.

शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर उडी मारून आला. दोघांनी मिळून तिला उचलून ट्रकच्या सावलीत आडवं केलं. त्याने तिचे पाय आपल्या मांडीवर उंच धरले. ती ओकली, मग डोळे उघडले. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होतो तोवर तो उठून आमच्या गाडीत वाकला, पायाशी हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. "भाईसाब," तो म्हणाला, "इंजन की सारी गरमी तो अंदर आ रही है. बीमार आदमी को इसमें बिठाया?"

जाळीतून येणाऱ्या हवेवर मीही हात धरून पाहिला. चुलीसमोर धरल्यासारखा वाटला.

हॉस्पिटलात परत नेलं, दोन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसनंतर रक्तदाब असा पडतो, गाडीमुळेच झालं असं म्हणता येणार नाही. त्यांनी चांगुलपणाने सांगितलं. त्या दिवसानंतर बायको गाडीत बसली की आधी काच खाली करायची आणि ट्रकचा कितीही धूर आला तरी ती वर करायची नाही. आणि मंगळवारी सकाळी कधीकधी म्हणू लागली, "आज नको. शुक्रवारी जाऊ."

वॉशर मी स्वतःच काढले. डेंटरकडे जायला तोंड नव्हतं. पण गाडी परत पूर्वीसारखी तापू लागली, तेव्हा जावंच लागलं. झालेलं सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता कशा हायत वहिनी?" आणि बसायला स्टूल दिलं. एवढंच. मी सांगितलं होतं तुम्हाला, असं तो तेव्हा म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही.

या वेळी मला डोक्याने काही ठरवायचं नव्हतं. हवा कुठे आत शिरते आणि कुठून बाहेर पडायला बघते, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. मी बॉनेटवर डेंटरकडून बारीक भोकं पाडून घेतली, पुढच्या कडेपासून काचेपर्यंत, तीन रांगांत. प्रत्येक भोकातून लोकरीचा एक धागा ओवायचा, खाली सैल गाठ, वर बोटभर मोकळा. धागा बाहेर ताणला गेला तर तिथे हवा बाहेर यायला तयार आहे. आत ओढला गेला तर तिथे भोक पाडणं म्हणजे उलटी हवा आत घेणं.

लोकर बायकोने दिली. तिचं लाल लोकरीचं एक तोरण अर्धवट राहिलं होतं, आता बोटं लवकर दुखायची. तिने ते उसवून दिलं. "मी पण येते," ती म्हणाली. "गाडी तुम्ही चालवणार, मग धागे कोण बघणार?"

तो रविवार होता. पाऊस संपून ऊन पडलं होतं. आम्ही निर्मळवरून वटारच्या बाजूला गेलो. दोन्हीकडे केळी आणि फुलांच्या वाड्या, मध्ये सरळ रस्त्याचा एक तुकडा मोकळा मिळायचा. तिथे मी गाडी पन्नासच्या वर नेली. ती पुढे वाकून सांगत होती आणि नोंदी करायला एक वही तिने मांडीवर घेतली होती.

"पुढची रांग सगळी बाहेर आहे. ताठ. मागे पडलेत."

"मधली?"

"मधले बाहेर आहेत, पण लटपटतायत." आणखी पुढे वाकून ती म्हणाली, "काचेजवळचे दिसतच नाहीत."

"तुटले?"

"नाही हो. आत गेलेत. सगळेच्या सगळे आत गेलेत."

मी गाडी बाजूला घेतली. खरंच, काचेपाशी एकही धागा वर नव्हता. धावत्या गाडीची हवा काचेवर आपटून तिथे तुंबते आणि मिळेल त्या फटीतून आत घुसते. मी जिथे वाट काढून दिली होती तिथून वेगात बाहेरची हवा आत शिरून इंजिनची हवा अडवत होती, आणि गाडी उभी राहिली की तिथूनच सगळी गरमी निघून तिच्या पायांवर येत होती. ज्या शेडवर मी असा पंखा लावला असता त्या शेडच्या मालकाने मला हाकललं असतं.

आम्ही थांबलो होतो तिथे एक म्हातारी केळीच्या फण्या घेऊन बसली होती. बॉनेटवरचे लाल धागे बघून तिने विचारलं, "लगीन कोनाचं?"

बायको म्हणाली, "गाडीचंच आहे." आणि दोघी हसल्या. म्हातारीने तिच्या हातात दोन केळी ठेवली. केळं तिला चालत नव्हतं, पोटॅशियम वाढतं. तिने ती पदरात घेतली आणि घरी येईपर्यंत तशीच धरून ठेवली. त्या वर्षात ती हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

डेंटरने मागची भोकं बुजवली. रेडिएटरच्या लगेच मागे, दोन्ही बाजूंना, बॉनेटच्या पत्र्याला चार-चार आडवे छेद दिले आणि प्रत्येक छेदामागची पट्टी ठोकून वर उचलली, तोंड काचेकडे. त्यामुळे वरून जाणारी हवा आतल्या हवेला ओढून घेऊन जाते. खाली पावसाच्या पाण्यासाठी उतरता पत्रा लावला. दीड दिवस काम केलं त्याने. पट्ट्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, कारण वहिनी कधी हात ठेवतील. रंग जरा वेगळा आला, ते छेद ओरखडे काढल्यासारखे दिसायचे.

गाडी तापायची थांबली. हे सरळ सांगायला हवं, कारण ते खरं आहे. रांगेत अर्धा तास उभं राहिलं तरी गरम हवा बॉनेटच्या पुढच्या बाजूनेच वर निघून जायची, आमच्यापर्यंत येत नसे. हायवेला लागलं की काटा निम्म्याच्या खाली यायचा. डिकीतला कॅन मी ठेवला होता, पण तो उघडावा लागला नाही. मंगळवार आणि शुक्रवार, आम्ही वेळेवर पोचू लागलो.

आणि वेळेवर पोचून उपयोग होत नव्हता. डाव्या हाताची नस, ऑपरेशन करून जोडलेली, जिच्यात सुया घालायच्या, ती बंद पडली. उजव्या हातावर दुसरं ऑपरेशन केलं, ते धरलं नाही. मग गळ्यात नळी घातली. नळीने ताप येऊ लागला. मशीनवर बसली की हुडहुडी भरायची, चार पांघरुणं घातली तरी दात वाजायचे. डॉक्टर म्हणाले, मांडीतून प्रयत्न करू. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी चित्र नीट समजून घेतलं, प्रश्न विचारले. तिने ते पाहिलंच नाही.

घरी आल्यावर ती गाडीतून उतरली नाही. इमारतीखाली गाडी उभी होती, इंजिन बंद केलं होतं.

"अहो, आता पुरे," ती म्हणाली.

मला कळलं ती काय म्हणते ते. कळूनही मी म्हणालो, "आता गाडी तापत नाही. वेळेवर पोचतो आपण."

"माहीत आहे मला. चांगली चालते गाडी आता." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही चांगलं केलंत ते. पण मला आता नाही जायचं."

मी भांडलो तिच्याशी. वर घरात गेल्यावर ओरडलोसुद्धा. म्हणालो की तू माझा विचार करत नाहीस. तिच्या भावाला फोन करून बोलावलं, त्यानेही समजावलं. पुढच्या मंगळवारी मी सकाळी गाडी काढून, पुसून, खाली उभी केली आणि वर जाऊन तिला सांगितलं की तयार हो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नऊ वाजले, दहा वाजले. मी खाली जाऊन गाडी परत जागेवर लावली.

त्या दुपारी तिने पाणी मागितलं. मी नेहमीच्या छोट्या पेल्यातून नेलं. तिने पेला परत दिला आणि म्हणाली, "तांब्या आणा." ती सावकाश, थांबत थांबत, पूर्ण तांब्या प्याली. मी समोर उभा होतो. अडवलं नाही.

लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, शांतपणे गेली. ते खरं नाही. शरीरात पाणी साठत गेलं, छातीत चढलं. शेवटचे तीन दिवस तिला आडवं होता येत नव्हतं, बसूनच धापा टाकायची. दुसऱ्या दिवशी तिने माझा शर्ट धरून ठेवला आणि डोळ्यांनी काहीतरी मागत राहिली. ती घेऊन चल म्हणत होती की नको म्हणत होती, हे मला कळलं नाही. गाडी त्याने चालवावी म्हणून मी शेजाऱ्याला किल्ली द्यायला निघालो आणि परत वळलो. असं दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो प्रश्न उरला नाही.

डेंटर स्मशानात आला होता, लांब उभा होता. नंतर कधीतरी मी गाडी विकायला काढली तेव्हा त्यानेच नायगावच्या खाडीकडचं एक गिऱ्हाईक आणलं. त्या माणसाला बॉनेट आवडलं नाही. त्याने दुसरं साधं बॉनेट बसवून घेतलं आणि आमचं भंगारात दिलं, असं कळलं. आमची कंपनीही दोन वर्षांनी बंद झाली. मशीनं निघून गेली, शेड रिकामी राहिली. मी नंतर कुठे फारसं काम केलं नाही. लोक घरात पंखा कुठे लावायचा हे विचारायला यायचे, त्यांना सांगायचो की मला त्यातलं कळत नाही.

बऱ्याच वर्षांनी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डायलिसिस सेंटर सुरू झालं. बाहेर हिरवी पाटी, लिफ्ट, खाली रिक्षास्टँड. पहिले काही महिने मी त्या रस्त्याने जाणं टाळलं. मग एका सकाळी वर गेलो. स्वच्छ जागा होती, एसी लावलेला होता, खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा नवरा शेजारी पेपर वाचत होता. टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काका, पेशंट कोण?"

मी म्हणालो, "कोणी नाही. सहज आलो होतो."

ती म्हणाली, "बसा ना, पाणी देऊ का?"

मी नको म्हणालो आणि जिन्याने खाली आलो. लिफ्ट होती, पण मला तिथे थांबवेना.